सह्याद्री बोटांना कळला पाहिजे: सगळ्या मुलांना सामावून घेणारा नकाशाचा पाठ

भिंतीवर टांगलेला महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा आपल्या शाळांत हमखास सापडतो, आणि मुलांना पाठाबाहेर ठेवण्यातही त्याचा नंबर वरचा लागतो. कमी दिसणाऱ्या मुलाला तो नुसता रंगीत कागद असतो. ऐकू न येणाऱ्या मुलीला, बाई नकाशाकडे तोंड करून काय म्हणाल्या ते समजत नाही. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. घरी पावरी किंवा कोरकू बोलणारं मूल त्यावरची बारीक मराठी अक्षरं लावण्यातच दमून जातं. आणि उरलेली मुलं? तीही ‘तपकिरी म्हणजे डोंगर, हिरवं म्हणजे मैदान’ एवढं पाठ करून मोकळी होतात. गोदावरी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही त्याच्याकडे पाठ का फिरवते, हा प्रश्न वर्गात कुणालाच पडत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. लक्षणीय (किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. त्यामुळे मूल पटावर येतं. त्याला पाठात आणण्याचं काम मात्र शिक्षकाच्या हातात राहतं, आणि ते कसं करायचं हे आपल्याला फारसं कुणी करून दाखवत नाही. म्हणून इथे एकच पाठ घेते, चौथी-पाचवीचा, आणि तयारीपासून तपासणीपर्यंत पूर्ण मांडते. खर्च फार नाही. एका शिक्षकाला शाळा सुटल्यावर बसून हे जमतं. जोडीला सहकारी असेल तर उत्तमच.

आधी वर्गाकडे बघा, साधनाकडे नंतर

वहीचं एक पान घ्या. मुलांच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार लिहू नका. मूल कुठे अडतं ते लिहा. ‘फळ्यावरचं दिसत नाही, वही डोळ्यांपासून चार बोटांवर धरतो.’ ‘बोलणाऱ्याचं तोंड दिसलं तर कळतं, पाठ फिरली की नाही.’ ‘जमिनीवर बसता येत नाही.’ ‘ओलं, चिकट हाताला लागलेलं सहन होत नाही.’ ‘दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो, एप्रिलमध्ये परत येतो.’ ‘एका वेळी एकच सूचना लक्षात राहते.’ अशा नोंदींतून साधन कसं हवं ते आपोआप ठरत जातं. ‘बहुदिव्यांग’ असा शिक्का मारल्याने त्यातलं काहीच कळत नाही.

शाळेतल्या मुलांमधलं संभाव्य दिव्यांगत्व लवकर लक्षात यावं म्हणून एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे मोबाइल अ‍ॅप 2022 मध्ये आलं. त्यातली प्रश्नावली शिक्षकाला निरीक्षण कसं करायचं ते सुचवते, ती जरूर बघा. पण ती निदान नव्हे. निदान डॉक्टर करतील. शंका आली तर पालकांशी बोला आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. त्यांची भेट होईपर्यंत पाठ थांबवून ठेवायचं मात्र काही कारण नाही.

पाठातली एकच कल्पना निवडा

36 जिल्हे, दहा-बारा नद्या, घाट, शिखरं, पिकं असं सगळं एका नकाशात कोंबलं की बोटांनाही काही उमगत नाही आणि डोळ्यांनाही. आपली कल्पना एवढीच: सह्याद्रीच्या कण्यावर पडलेलं पाणी दोन बाजूंना जातं. पश्चिमेला उतार तोकडा आणि तीव्र, पूर्वेला लांब आणि मंद.

हे दाखवायला महाबळेश्वरसारखी जागा नाही. कृष्णा आणि सावित्री दोघी तिथल्याच. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. जोडीला त्र्यंबकेश्वरची गोदावरी घ्या. अरबी समुद्र तिथून जेमतेम 80 किलोमीटरवर, तरी ती 1,465 किलोमीटरचा प्रवास करून पूर्वेच्या समुद्राला जाते. तीन नद्या, एक डोंगररांग, एक किनारा. पहिल्या नकाशात याहून जास्त काही नको. मुंबई, नाशिक, महाबळेश्वर आणि आपलं गाव एवढ्या चार जागा पुरे.

नकाशा तयार करणं

महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार साधारण 800 किलोमीटर आणि दक्षिणोत्तर 700. म्हणून 80 गुणिले 70 सेंटीमीटरचा जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड घेतलं की 1 सेंटीमीटर म्हणजे 10 किलोमीटर हे प्रमाण सहज बसतं, आणि बसलेल्या मुलाचे दोन्ही हात नकाशाच्या टोकांपर्यंत पोचतात. पुस्तकातला नकाशा चौकटी आखून मोठा करा. वरचा उजवा कोपरा तिरका कापून टाका. कापलेला कोपरा नेहमी उजव्या हाताला वर असतो एवढं एकदा सांगितलं की न दिसणारं मूलही नकाशा सुलटा आहे की उलटा ते स्वतः ठरवतं.

राज्याची सीमा सुतळीने करा. समुद्राच्या जागी गुळगुळीत प्लास्टिक चिकटवा, जमिनीवर काहीच लावू नका, पुठ्ठ्याचा खरखरीतपणा तसाच राहू द्या. सह्याद्री कागदाच्या लगद्याचा करा. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवा, कुटा, पिळा, त्यात मेथीचं पीठ आणि थोडा फेविकॉल घाला. आपल्याकडे घरोघरी कागदाच्या टोपल्या याच लगद्याच्या होत. रांग थरावर थर देत चढवा. एकदम जाड थर दिला तर आतून वाळत नाही आणि भेगा पडतात. पश्चिमेची बाजू भिंतीसारखी उभी ठेवा, पूर्वेची हाताने पसरवत लांबपर्यंत उतरवत न्या. सगळ्या पाठाचा जीव या उतारात आहे, तिथे घाई करू नका.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगायची. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. आपल्या प्रमाणाने ती दीड-पावणेदोन मिलिमीटर भरेल, म्हणजे बोटाला जाणवणारही नाही. म्हणून आपण डोंगर मुद्दाम तीन सेंटीमीटर उंच केला. लांबी-रुंदी मापाची आहे, उंची वाढवलेली आहे. पाचवीच्या मुलांना हे नीट कळतं, आणि गणिताच्या तासालाही उपयोगी पडतं.

नद्यांसाठी लोकरीचा धागा. गोदावरीसाठी प्रमाणाप्रमाणे जवळजवळ दीड मीटर धागा कापा. त्र्यंबकपासून वळणं घेत नांदेडच्या बाजूने सीमेपर्यंत चिकटवा आणि उरलेला धागा फळीबाहेर मोकळा सोडा. निम्म्याहून जास्त धागा बाहेर राहतो. नदी राज्याच्या सीमेवर संपत नाही, हे त्या मोकळ्या टोकाला हात लावल्यावर कळतं. कृष्णेचंही तसंच करा. सावित्रीचा धागा वीतभरसुद्धा होत नाही. हा फरक मुलं स्वतः मोजतात, आपण सांगावा लागत नाही.

गावांसाठी शर्टाची बटणं. धान्य, डाळी वापरू नका. पावसाळ्यात कीड लागते आणि मुंग्या येतात. काही नियम मात्र कडक पाळा. एका स्पर्शाला एकच अर्थ असावा: सुतळी म्हणजे सीमा, तर रस्त्यासाठी पुन्हा सुतळी नाही. दोन खुणांमध्ये निदान अर्धा सेंटीमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर बोटाला दोन्ही मिळून एकच लागतात. रंग गडद-फिके असे विरोधी निवडा. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला काळ्यावर पिवळं चांगलं दिसतं. लाल आणि हिरवा शेजारीशेजारी नको, कारण ते वेगळे ओळखू न येणारी मुलं, विशेषतः मुलगे, प्रत्येक शाळेत सापडतात आणि बहुधा त्यांचं त्यांनाही ते माहीत नसतं.

नकाशा वाळला की शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला डोळे मिटून त्यावरून हात फिरवायला सांगा. त्यांना समुद्र, डोंगर आणि तीन नद्या सापडल्या तर नकाशा तयार आहे. नाही सापडल्या तर काहीतरी कमी करा. वाढवू नका.

पाण्याचं घमेलं

नकाशा आकार सांगतो, पण पाणी का वळतं ते पाण्यानेच कळतं. त्यासाठी घमेल्यात किंवा मोठ्या परातीत चिकणमातीचा असाच उतार करा: एका बाजूला अरुंद पट्टी, मध्ये उभी कड, दुसऱ्या बाजूला लांब उतार. कडेवर तांब्याने हळूहळू पाणी सोडा. अंध मुलाची दोन्ही हातांची बोटं दोन्ही उतारांवर असू द्या; कुठे पाणी पटकन आलं आणि कुठे रेंगाळत आलं, ते तो सांगेल. ऐकू न येणाऱ्या मुलाला इथे शब्दांची गरजच पडत नाही. बोलू न शकणारं मूल बोटाने वाट दाखवतं.

घमेलं टेबलावर ठेवा. आपल्या ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात अशा वर्गांत फरशीवर आखलेले उपक्रम भरपूर असतात, मला ते आवडतातही. पण पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावलेलं किंवा खुर्चीतलं मूल तिथे कडेला बसून बघत राहतं. टेबल असं निवडा की खाली गुडघे जातील आणि वरचं घमेलं त्याला वाकून दिसेल. सगळा गट टेबलाभोवती उभा राहिला की वेगळं कुणी दिसत नाही.

ओल्या मातीचा स्पर्श ज्याला सोसत नाही, त्याच्या हातात तांब्या द्या. पाणी ओतणं हे गटातलं सर्वांत हवंसं काम आहे, त्यामुळे त्याला बाजूला काढल्यासारखं कुणालाच वाटत नाही.

एखादी चौकस मुलगी विचारेल, ‘मग तापी पश्चिमेला कशी जाते?’ विचारायलाच हवं. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि खानदेशातून सुरतेकडे वाहते, कारण ती खचलेल्या दरीतून जाते. घमेल्यात मातीची एक लांब चर पश्चिमेकडे उतरती पाडून दाखवा. आपला साधा उतार सगळीकडे लागू पडत नाही, हेही मुलांनी पाण्याकडूनच शिकलेलं बरं.

व्हिडिओ आणि आवाज

बहुमाध्यम म्हटलं की प्रोजेक्टर आठवतो, आणि प्रोजेक्टर लागला की खिडक्या लावून अंधार होतो. त्या अंधारात ओठ वाचणाऱ्या मुलीची बाईंशी असलेली एकुलती एक वाट बंद होते. म्हणून एक दिवा चालू ठेवा, तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा. पडद्यावरचं चित्र थोडं फिकं दिसलं तरी चालेल.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच घ्या: पावसाळ्यात घाटमाथ्यावर पडणारा पाऊस, कोकणात उतरणारं पाणी, पलीकडे माण-खटावचा कोरडा माळ. वर्गात दाखवण्याआधी स्वतः दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. आवाजाशिवाय कळत नसेल तर महत्त्वाची वाक्यं मोठ्या अक्षरात पट्ट्यांवर लिहून ठेवा आणि त्या त्या वेळी पडद्याशेजारी धरा. डोळे मिटून कळत नसेल तर कुठे थांबवून काय सांगायचं ते आधी ठरवा: ‘आता कॅमेरा कड्यावर आहे, खाली दरीत ढग भरलेत, पाणी उलटं वर उडतंय.’ हे वर्णन दिसणारी मुलंही लक्ष देऊन ऐकतात, कारण बघताना ते त्यांच्याही नजरेतून सुटलेलं असतं.

व्हिडिओ चालू असताना बोलू नका. ऐकू न येणारं मूल पडद्याकडे आणि तुमच्याकडे एकाच वेळी बघू शकत नाही. थांबवा, बोला, मग पुन्हा लावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी पंखा बंद करा आणि स्पीकर जवळ आणा, कारण यंत्र पंख्याचा आवाजही तितक्याच जोरात वाढवतं. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू असेल तर ध्वनिफीत त्या दिवशी ठेवूनच द्या.

खुणांच्या भाषेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2021 पर्यंत 10,000 शब्दांपर्यंत पोचला आणि तो ऑनलाइन बघता येतो. ‘नदी’, ‘डोंगर’, ‘समुद्र’, ‘पाऊस’ या खुणा सगळ्या वर्गाला शिकवा, एकट्या त्या मुलीला नव्हे. पण गावातल्या अनेक मुलांना ही भाषा येत नसते. घरात आईने आणि भावंडांनी बनवलेल्या खुणा असतात. आधी त्या विचारा. आई शाळेत आली की पाच मिनिटं काढून शिकून घ्या.

वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरू नका. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमधून दीक्षा अ‍ॅपवर मिळणारं साहित्य घरून उतरवून आणा. प्रोजेक्टर नसेल तर एका मोबाइलवर पाच-सहा मुलांचा गट आळीपाळीने बघतो. खरं तर हाच प्रकार मला जास्त पसंत आहे, कारण मुलं मध्येच थांबवायला सांगतात आणि प्रश्न विचारतात.

मुलांचे स्वतःचे आवाज हे सर्वांत स्वस्त माध्यम आहे. प्रत्येक बटणाला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाच्या नावाने मोबाइलवर एक छोटं ध्वनिमुद्रण ठेवा: आपल्या गावच्या नदीबद्दल आजी काय सांगते ते, तिच्याच बोलीत. पावरी बोलणाऱ्या मुलाने पावरीत सांगावं, आणि त्यातले दोन शब्द वर्गाने शिकावेत. अंध मुलगा मोबाइलमधलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून हव्या त्या बटणाची गोष्ट स्वतः ऐकू शकतो.

तास प्रत्यक्ष घेताना

अंध किंवा अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला नकाशा आदल्या दिवशी द्या. दिसणारी मुलं एका नजरेत पूर्ण आकार घेतात. हाताला तो तुकड्यातुकड्याने जोडावा लागतो, त्याला वेळ लागतो. त्याचा हात धरून ओढत नेऊ नका. तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे तो तुमच्या हातावरून पुढे सरकतो आणि हवा तेव्हा काढूनही घेऊ शकतो. आधी दोन्ही हातांनी सगळी कड फिरू द्या, मग डावा हात महाबळेश्वरच्या बटणावर ठेवून उजव्याने नदी धरू द्या.

गट पाच-सहा जणांचे असावेत आणि कामं वाटलेली असावीत: पाणी ओतणारा, वाट सांगणारी, धागा मोजणारा, नोंद करणारी. कामं प्रत्येक फेरीला बदला, नाहीतर लिहिणारी कायम हुशार मुलगीच राहते आणि धरून ठेवण्याचं काम कायम त्याच मुलाकडे जातं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वेगळं चित्र रंगवायला देऊन कोपऱ्यात बसवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्याने याच घमेल्यावर समुद्र कुठे, डोंगर कुठे आणि पाणी कुणीकडे एवढं दाखवायचं. पाठ तोच ठेवायचा, आपली अपेक्षा तेवढी नेमकी करायची.

ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला नकाशाची खरी ओळख असते. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे ट्रकने किंवा ट्रॅक्टरने गेलेल्या त्याच्या वाटेत भीमा लागते, कृष्णा लागते. त्याची तयारी असेल तर वेगळ्या रंगाच्या लोकरीने ती वाट नकाशावर मांडू द्या. टाचणीऐवजी डिंकाचा हलका ठिपका लावा, म्हणजे धागा नंतर काढता येतो. जबरदस्ती नको, काही मुलांना ती वाट वर्गात सांगायची नसते.

आवाज, गर्दी, वेळापत्रकातला बदल यांनी बिथरणारं मूल असेल तर उद्या काय होणार ते त्याला आदल्या दिवशी चित्रांच्या क्रमाने दाखवा: आधी नकाशा, मग पाणी, मग व्हिडिओ, मग हात धुणं. दाराजवळ एक शांत जागा मोकळी ठेवा, तिथे जायला परवानगी मागावी लागू नये.

कळलं का, ते कसं तपासायचं

प्रश्न सगळ्यांना एकच विचारा: ‘इथे पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल, आणि का?’ ‘इथे’ म्हणताना नकाशावर बोट ठेवा, किंवा मुलाचं बोट ठेवू द्या. उत्तर लिहून, बोलून, खुणांनी, बोटाने वाट दाखवून किंवा घमेल्यात पाणी ओतून, कसंही चालेल. गुण तीन गोष्टींना: दिशा बरोबर, समुद्र बरोबर, कारण उताराशी जोडलेलं. कारण बोलून सांगता न येणाऱ्या मुलाने उतारावरून हात उतरवून दाखवला, तरी त्याने कारण दिलेलंच असतं. पूर्ण गुण द्या.

लेखी चाचणी घ्यायचीच असेल तर कमी दिसणाऱ्या मुलाची प्रश्नपत्रिका निदान 18 आकाराच्या ठळक अक्षरात छापा आणि त्याला नकाशा समोर ठेवू द्या. नकाशा आठवतो का हे आपल्याला तपासायचं नाही, तो वाचता येतो का हे तपासायचं आहे.

साधन टिकवणं

गणित पेट्या आणि विज्ञान पेट्या कपाटात कुलपात राहतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हा नकाशा वर्गातच ठेवा, मुलांच्या खांद्याच्या उंचीला, खिळ्यावरून काढून टेबलावर घेता येईल असा. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं, आणि त्या वस्तू मुलांच्या हाताशी असत. लगदा निखळेल, बटणं पडतील. दुरुस्तीचं काम मुलांच्याच एका गटाला नेमून द्या आणि लगद्याचा डबा त्यांच्या ताब्यात द्या.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत नकाशा घेऊन जा आणि पाच मिनिटं शिक्षकांना डोळे मिटून तो वाचायला लावा. एका केंद्रातल्या शाळांनी कामं वाटून घेतली, एकीने नद्या, दुसरीने पर्जन्यमान, तिसरीने आपला जिल्हा, तर वर्षाच्या शेवटी प्रत्येक शाळेला फिरता संच मिळतो. जिल्ह्याचा नकाशा करताना प्रमाण बदलेल, तेव्हा 1 सेंटीमीटर म्हणजे 2 किलोमीटर धरा आणि कापलेला कोपरा मात्र तिथेच, वर उजवीकडे, ठेवा.